समोरच्या गच्चीवरचा काशिनाथ

“साहेब, याने डोळे जात नाहीत ना?”

नोकरीच्या काळात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हा. सातपूरच्या कारखानदाराने विचारला, गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी विचारला, एका सोसायटीच्या चेअरमनने तर दोन सभासदांना साक्षीला उभं करून विचारला. मी दर वेळी सांगायचो की किरण कमजोर आहे, पलीकडे पोचेपर्यंत पसरून आणखी विरळ होतो, तुमच्या गच्चीवरच्या पापडालाही त्याची ऊब लागणार नाही. मग शेजारी उभा असलेला काशिनाथ डोळे मोठे करून दाखवायचा आणि म्हणायचा, “आमचे शाबूत हायेत बघा. रोजचंच काम हाय आमचं.” लोक हसायचे आणि काम आमच्याकडे यायचं.

ते हसणं आता आठवलं की नकोसं होतं. का, ते पुढे येईलच. आधी धंदा काय होता ते सांगतो, कारण नाशकात तो आता औषधालाही उरलेला नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी कारखान्यांमध्ये कॉम्प्युटर आले. रस्त्याच्या अलीकडे ऑफिस, पलीकडच्या प्लॉटवर गोदाम, आणि मालकाला ऑफिसात बसून गोदामातला माल पडद्यावर बघायची हौस. टेलिफोनची लाइन गोगलगायीच्या चालीची. केबल टाकायची तर रस्ता खोदायला हवा, आणि रस्ता खोदायचा तर परवानग्यांसाठी जोडे झिजवायला हवेत. आमच्या साहेबांनी यातून वाट काढली होती. त्र्यंबक रोडला त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. गिऱ्हाइकाला ते ऐटीत सांगायचे, “जमिनीखालून जाता येत नाही ना? मग हवेतून जाऊ. हवा खोदायला कुणाची सही लागत नाही.”

दोन्ही इमारतींच्या गच्चीवर एकेक पेटी बसवायची, समोरासमोर. पेटी साधारण पिठाच्या डब्याएवढी, आडवी ठेवलेली, पुढे जाड काच. कॉम्प्युटरचा निरोप पेटीत आला की आतला इवलासा दिवा त्या निरोपाच्या चालीने पेटतो आणि विझतो. वेग इतका की विचारू नका, आणि उजेडही असा की माणसाच्या डोळ्याला तो दिसतच नाही. समोरच्या पेटीची काच तो उजेड गोळा करते आणि त्या पेटण्या-विझण्यातून निरोप पुन्हा वाचून घेते. ना तार, ना खड्डा. अट एकच, दोन्ही पेट्यांनी एकमेकींच्या डोळ्याला डोळा भिडवून राहिलं पाहिजे. स्क्रू केसभर फिरला तरी आमचा किरण शेजारच्या बंगल्याच्या पाण्याच्या टाकीला निरोप सांगत बसायचा.

हा नेम धरणं हे आमचं काम. ते एकट्याने होत नाही. माझा उजेड पडतोय किलोमीटरभर लांब, आणि तोही न दिसणारा. तो कुठे पडतोय हे मला कळायचा काही मार्गच नाही. ते समोरच्यानेच सांगायचं. त्याच्या पेटीला मीटर जोडलेला असायचा. माझा उजेड त्याच्या काचेवर जितका नीट पडेल तितका त्याचा काटा वर. मग वॉकीटॉकीवर आवाज यायचा, “चढतोय... चढतोय... अजून जरा... उतरला भाऊ, मागं ये.” माझं जमलं की मग मी त्याचा काटा... म्हणजे माझ्याकडचा, त्याच्या उजेडाचा काटा, वाचून दाखवायचो. ते जमलं की बोल्ट आवळायचे. बोल्ट आवळताना नेम हमखास हलतो, की पुन्हा पहिल्यापासून.

समोरच्या गच्चीवर नेहमी काशिनाथ असायचा. पेठ तालुक्यातल्या डोंगरातला माणूस. भाताची कापणी उरकली की त्यांच्या पाड्यावरचे लोक नाशकात बांधकामावर येत, तसा तो आला होता. आमच्या पेट्यांसाठी लोखंडी खांब उभे करायला म्हणून साहेबांनी त्याला दोन दिवस बोलावलं आणि तो राहिलाच. पेठ रोडला एक खोली घेतली, बायकोला, सुमनला, घेऊन आला. वयाने माझ्याएवढाच, अंगाने काटक, आणि नजर अशी की म्हसरूळच्या डोंगरावर कोण चढतंय ते खालून सांगायचा.

आमच्या कामातली पहिली अडचण म्हणजे समोरची गच्ची सापडणं. वरून बघितलं की नाशिक म्हणजे नुसत्या काळ्या टाक्या. पेटीवर छोटी दुर्बीण बसवलेली असे, पण तिच्यातून एका वेळी एखादी टाकीच दिसायची. मी अर्धा अर्धा तास भलत्याच गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी न्याहाळत बसायचो. यावर तोडगा काशिनाथने काढला. रविवार कारंजावरून त्याने दाढीचे दोन छोटे आरसे आणले, एक मला दिला.

“आमच्याकडं दरीच्या पल्याड गुरं घेऊन गेलेल्याला असंच बोलावतात,” तो म्हणाला. “हाका मारून घसा कशाला फोडायचा?”

आमची भाषा ठरून गेली. आरसा हातात हलवून उजेड लुकलुकवला की ‘आलो’. दोनदा चमकवला की ‘दिसलास’. आणि उजेड एका जागी धरून ठेवला, जरासुद्धा न हलवता, की ‘हलू नको’. काटा टोकाला पोचला, आता स्क्रूला हात लावू नको, आहेस तसा राहा. वॉकीटॉकीची बॅटरी ऐन वेळी मान टाकायची, त्यामुळे हे आरसे आमच्या खिशात कायमचे आले. ‘हलू नको’ दिसलं की हातातलं काम टाकून पुतळ्यासारखं उभं राहायचं, हा नियम आम्ही कधीही मोडला नाही.

गच्चीवरचं काम म्हणजे एकट्याचं काम. खाली ऑफिसात पन्नास माणसं असतात, चहा फिरत असतो, वर तुम्ही, मोडक्या खुर्च्या, जुने अँटेना आणि कबुतरं. माणूस वर आहे हे खालचे लोक विसरून जातात. एकदा वॉचमन जिन्याच्या दाराला कुलूप लावून घरी जेवायला गेला. मी दार बडवून थकलो आणि शेवटी आरसा काढला. काशिनाथ सायकल मारत आला आणि वॉचमनला शोधून त्याने मला सोडवलं. वर येऊन म्हणाला, “भाऊ, तू वर राहतोस हे मला सोडून कुणाला ठाव हाय?” त्याने चेष्टेने म्हटलं होतं. मला ते बराच काळ लागून राहिलं, कारण घरीही तीच तऱ्हा होती. आई गेल्यावर सिडकोतल्या घरात मी एकटा. लग्न राहून गेलं. त्याची कारणं सांगण्यासारखी नाहीत, म्हणजे तशी कारणंच नाहीत, ते नुसतं राहून गेलं.

दुपारी दोघं आपापल्या कठड्यावर बसून डबा उघडायचो. वॉकीटॉकीवर विचारणा व्हायची.

“भाजी काय?”

“बटाटा. तुझी?”

“नागलीची भाकर आन् उडदाचं भुजं. येतोस का?”

मध्ये किलोमीटरभर हवा. इतकी वर्षं आम्ही रोज बरोबर जेवलो आणि एका पंगतीला फार तर चार-दोनदाच बसलो असू.

गिऱ्हाइकांचे किस्से सांगायचे तर दसऱ्याचा सांगायलाच हवा. अंबडला खोकी बनवणारे एक शेठ होते, भाविक माणूस. त्यांची जोडणी वर्षभर उत्तम चालली आणि ऐन खंडेनवमीच्या दुपारी बंद पडली. आम्ही धावत गेलो. काशिनाथ गोदामाच्या गच्चीवर, मी ऑफिसच्या जिन्यात, अजून वर पोचलोही नव्हतो, तोच वॉकीटॉकीवर त्याचं हसू ऐकू आलं. “भाऊ, तुझ्या पेटीला मुंडावळ्या बांधल्यात!” वर जाऊन बघतो तर यंत्रपूजा झालेली. काचेच्या बरोबर मधोमध हळदकुंकवाचं स्वस्तिक, त्यावर अक्षता, आणि वरून झेंडूचा भरगच्च हार. शेठ शेजारी हात जोडून उभे. लेथला वाहिलं, ट्रकला वाहिलं, मग या बिचाऱ्या पेटीनेच काय पाप केलं होतं? मी काच पुसायला घेतली तर ते हळवे झाले. पूजा मोडायची नाही म्हणाले. मी त्यांना शास्त्र समजावू लागलो. काशिनाथने पलीकडून वॉकीटॉकीवर सगळं ऐकलं आणि म्हणाला, “शेठ, देवाच्या डोळ्यात कुणी कुंकू घालतं का? कपाळाला लावा.” शेठना ते लगेच पटलं. पेटीच्या माथ्यावर नवं स्वस्तिक काढलं, हार मागे सरकवला आणि माल पुन्हा पडद्यावर दिसू लागला. पुढे दर वर्षी दसऱ्याच्या आधी आम्ही सगळ्या गिऱ्हाइकांकडे जाऊन पेटीचं कपाळ कुठे असतं ते दाखवून यायचो.

हिवाळ्यातलं धुकं हा आमचा खरा वैरी. गोदावरीकाठची जोडणी जानेवारीतल्या सकाळी हमखास गळपटायची आणि साहेब मला फोन करून धुक्याचा जाब विचारायचे. मी सकाळी उठलो की आधी गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात का ते बघायचो. दिसल्या की पोटभर नाश्ता, नाही दिसल्या की तसाच कामावर. आजही उठल्यावर नजर तिकडेच जाते. आता त्या दिसल्या काय आणि नाही दिसल्या काय.

काशिनाथचं काहीतरी बिनसलंय हे मला फार उशिरा कळलं. त्याचं कारण आमच्या कामातच होतं. आम्ही सदा लांब. लांबून बघावं तर त्याच्याइतकी नजर कुणाचीच नव्हती. मी आरसा हलवायचा अवकाश, त्याचं ‘दिसलास’ येऊन धडकायचं. मात्र जवळ असला की तो धसमुसळा वाटायचा. शेजारी ठेवलेला चहाचा कप लवंडायचा. जिन्यात समोरून येणाऱ्याला खांद्याने ढकलायचा. जमिनीवरच्या पाइपात पाय अडकून पडायचा. साहेब चिडून म्हणायचे, “अरे, डोळे काय आभाळात ठेवून चालतोस का?” मीही हसायचो. संध्याकाळ व्हायच्या आत त्याची घरी जायची घाई असायची. नवं लग्न झाल्यासारखा पळतो म्हणून मी त्याला चिडवलंसुद्धा होतं.

मग तो शरणपूर रोडचा दिवस आला. इमारत चांगली उंच होती आणि मधल्या झाडांवरून नजर जायला हवी म्हणून पेटी लिफ्टच्या मशीनरूमच्या डोक्यावर बसवायची होती. मशीनरूमच्या स्लॅबला कठडा नसतो. वर्षातून एखाद्या वेळी कुणी चढणार, कठडा बांधतो कोण? काशिनाथ लोखंडी शिडीने वर चढला. मी पूर्वेला किलोमीटरभर लांब एका बँकेच्या इमारतीवर होतो. ऊन उतरतीला लागलं होतं आणि त्याच्या बाजूने माझ्या तोंडावर येत होतं.

नेम जमला. आता फक्त वायर खाली सोडायची होती. मी दुर्बिणीतून बघत होतो. काशिनाथने वायरचं भेंडोळं हातात घेतलं आणि पेटीकडे तोंड ठेवून, वायर सोडत सोडत, तो मागे मागे जाऊ लागला. मला वाटलं थांबेल. कडा त्याच्या मागे होती, तरी माणसाला अंदाज असतो, तो मान वळवून बघतोच. काशिनाथने मान वळवली. कडेकडे बघितलं. आणि पुन्हा मागे पाऊल टाकलं. त्याला ती दिसली नव्हती.

मी वॉकीटॉकीत ओरडलो. त्याचा वॉकीटॉकी पेटीशेजारी उभा ठेवलेला मला दुर्बिणीतून स्वच्छ दिसत होता. त्यातून माझा आवाज येत असणार, पण खालच्या रस्त्यावरच्या वाहतुकीत तो त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. आणखी एक पाऊल. मी खिशातून आरसा काढला.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. उजेड लुकलुकला की ‘आलो’. एका जागी राहिला तरच ‘हलू नको’. आणि माझा हात लटलट कापत होता. तसा उजेड त्याच्यावर पडला असता तर तो मला हसून हात हलवत आणखी एक पाऊल मागे गेला असता. मी कोपर कठड्यावर टेकवलं, मनगट दुसऱ्या हाताने दाबून धरलं, श्वास कोंडला आणि उजेड त्याच्या तोंडावर टाकला. डोळा दुर्बिणीला लावलेलाच होता. काशिनाथचा चेहरा एकदम उजळला.

तो थांबला. हातात वायर, एक पाय जरा उचललेला, तसाच उभा राहिला. नियम म्हणजे नियम. मी उजेड धरून ठेवला. इतका वेळ ‘हलू नको’ आम्ही कधीच धरलं नव्हतं. तोही विचारात पडला असावा, कारण जरा वेळाने तो हळूच खाली बसला आणि त्याने एक हात मागे नेला, जमीन चाचपायला. हात स्लॅबच्या पातळीखाली गेला आणि तसाच लोंबत राहिला. त्याने तो सावकाश परत घेतला आणि छातीशी धरला.

मी स्कूटर कशी दामटली ते मला आठवत नाही. मी पोचलो तेव्हा तो पेटीला पाठ लावून बसला होता. मी शेजारी बसलो.

“कधीपासून?” मी विचारलं.

“लय दिवस झाले.” तो समोर बघत होता. “समोरचं सगळं दिसतं भाऊ. तू दिसतोस, तुझी टोपी दिसते. बाजूचं नाय दिसत. नळीतून बघावं तसं हाय. अंधार पडला की तेवढंबी नाय.”

“डॉक्टरला दाखवलंस?”

“दाखवलं. पडद्याचा आजार हाय म्हनला. घरातून आलेला. बापालाबी होता, म्हातारपणी त्याला हाताला धरून न्यायचो आम्ही. औषध नाय.” मग म्हणाला, “सुमन म्हनती, त्या पेटीनंच गेले. मी तिला सांगतो, तसं नसतं. आपण सगळ्यांना सांगतोच की, तसं नसतं म्हनून.”

डॉक्टरांचंच खरं होतं. पुढे मी स्वतः दुसऱ्या डॉक्टरांना विचारून खात्री करून घेतली. तरी त्या दिवशी, त्या कठडा नसलेल्या स्लॅबवर, मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

“साहेबांना सांगू नको,” तो म्हणाला. “मला दुसरं काय येतं?”

“काशिनाथ, आज तू...”

“पडलो का? तू उजेड दिला, मी थांबलो. समोर तू असला की मला काय होतंय?”

“आणि माझी नजर हलली तर? मी पाणी प्यायला वळलो तर?”

मी त्याला हाताला धरून शिडीवरून उतरवलं. इतक्या वर्षांत त्याचा हात पहिल्यांदाच इतका वेळ माझ्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं. त्याला आधी सांगूनच सांगितलं. आजही तीच वेळ आली तर तेच करीन. साहेब माणूस भला, त्यांनी त्याला ऑफिसातल्या टेबलावर बसवलं, जुन्या पेट्या खोलून साफ करायचं काम दिलं. काशिनाथने ते काही महिने केलं. बारीक स्क्रू टेबलावरून घरंगळले की शोधत बसायचा. मी गच्चीवरून परतलो की विचारायचा, “हवा कशी होती?” मी सांगायचो आणि तो मान डोलवायचा. एका शनिवारी म्हणाला, “जातो आता गावाकडं. खळ्यात बसायला नजर लागत नाय.”

मी पेठच्या गाडीला त्याला सोडायला स्टँडवर गेलो. सुमन गाठोड्यांपाशी उभी होती, माझ्याशी एक शब्द बोलली नाही. काशिनाथ खिडकीत बसला. मला वाटलं, काहीतरी म्हणेल, रागाचं का होईना. तो सरळ समोर बघत राहिला आणि मी त्याच्या बाजूला उभा होतो. बाजूचं त्याला दिसत नव्हतं हे माझ्या डोक्यात यायला गाडी हलावी लागली.

त्यानंतर साहेबांनी नव्या पेट्या आणल्या. त्या आपला नेम आपणच शोधायच्या. हळूहळू मान हलवत समोरच्या पेटीला हुडकायच्या आणि सापडली की स्थिर व्हायच्या. समोर माणसाची गरज उरली नाही. मी आधी एका गच्चीवर जायचो, मग स्कूटरवरून दुसऱ्या. काम लवकर व्हायचं. साहेब खूश होते. मी मात्र वर पोचलो की खिशात हात घालायचो, आरसा काढायचो आणि समोर लुकलुकवायचो. सवय, दुसरं काय. एकदा समोरून उत्तर आलं आणि मी ताडकन उभा राहिलो. दुर्बीण लावली तर एक बाई घासलेली ताटं उन्हात उपडी घालत होती. त्या दिवशी मी डबा न खाताच परत नेला.

पुढे सगळं आपोआप संपलं. ज्या रस्त्यांना खोदायची परवानगी मिळत नव्हती ते रस्ते सगळेच्या सगळे खोदले गेले आणि त्यात काचेची केबल पडली. उजेड तोच, पण आता तो नळीतून जमिनीखालून धावू लागला, धुक्याची भीती नाही की झेंडूची. लावलेल्या पेट्या उतरवायचं कामही माझ्याचकडे आलं. शेवटी खोकीवाल्या शेठची उतरवली. तिच्या माथ्यावर कुंकू होतं. शेठ म्हणाले, “तुमचा तो जोडीदार कुठे असतो हल्ली?” मी म्हटलं, गावी. किती दिवसांत भेटलो नाही हे मला त्यांना सांगवेना.

ऑफिस बंद झालं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी पेठची गाडी धरली. फाट्यावर उतरलो. तिथे एक चहाची टपरी, मागे डोंगर, समोर दरी. टपरीवाल्याला काशिनाथचं घर विचारलं. त्याने दरीपलीकडच्या उतारावर बोट दाखवलं. “ते सागाखालचं, कौलाचं. खाली उतरून वढा वलांडा आन् चढा. तास लागंल. पर त्याला दिसत नाय आता, ठाव हाय ना?”

“काहीच नाही?”

“काय तरी सुईच्या नेढ्याएवढं दिसतं म्हनतो. आम्हाला काय कळनार.”

मी समोर बघितलं. अंतर किलोमीटरभर असेल, आमचं नेहमीचं. ऊन छान होतं. मी चहा सांगितला आणि ठरवण्याआधीच आरसा माझ्या हातात आला. त्या घराच्या खळ्यावर मी उजेड लुकलुकवला. आलो.

काही झालं नाही. मी पुन्हा केलं. एक बाई घरातून बाहेर आली, कपाळाला हात लावून माझ्याकडे बघत राहिली आणि आत गेली. सुमनच असणार. मला वाटलं, आता कुणी बाहेर येणार नाही. तेवढ्यात ती परत आली. कुणाला तरी हाताला धरून आणत होती. तिने त्याला खळ्याच्या कडेला दगडावर बसवलं, तोंड माझ्या दिशेला केलं आणि त्याच्या हातात काहीतरी दिलं.

मग दरीत उजेडाचा एक ठिपका उतरला. तो ओढ्यापलीकडच्या झाडांवरून फिरला, गवतावर आला, माझ्या खालच्या दरडीवर चढला, लांब डावीकडे निघून गेला. त्याला मी सापडत नव्हतो. आणि त्याचा उजेड कुठे पडतोय हे त्याला कळणार नव्हतं, ते मीच सांगायचं होतं. मी वाट बघितली. ठिपका परत आला, टपरीच्या पत्र्यावरून सरकत माझ्या तोंडावर पडला, तेव्हा मी आरसा दोनदा चमकवला. दिसलास.

उजेड पुढे गेला होता, तो मागे आला. माझ्या छातीवर, मग तोंडावर. आणि तिथे थांबला. जरासुद्धा हलेना. त्याचा हात किती स्थिर होता.

मला समोरचं काही दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते आणि वरून तो उजेड. टपरीवाला चहाचा ग्लास घेऊन जवळ आला.

“घ्या की साहेब, गार व्हतोय.”

“ठेवा तिथे,” मी म्हटलं. “मला हलता येत नाही.”